पहिलं पाणी समुद्राचं

गुरुवारी सकाळी सव्वादहाला डॉ. नसीमा काझींचा फोन आला, तेव्हा केतकी कुबल रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत तराजू शून्यावर आणत होती. डॉ. काझी सह्याद्रीच्या उतारावरच्या एका ग्रामीण रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होत्या. दोघींची ओळख सागरपूड योजनेच्या बैठकांमधली, म्हणजे पडद्यावरची. त्यांनी प्रास्ताविक केलं नाही. त्यांच्या तालुक्यात नवजात बाळांच्या टाचेच्या रक्ताची तपासणी दीड महिन्यापूर्वी सुरू झाली होती. एकशे बत्तीस बाळं तपासून झाली होती आणि त्यांतल्या चौघांचा टीएसएच वाढलेला निघाला होता. त्यांनी आकडे वाचून दाखवले. सदतीस, अठ्ठेचाळीस, बासष्ट, एक्याण्णव.

"दहाच्या आत हवा ना?" केतकीने विचारलं.

"दहाच्या आत. आणि असं बाळ मला हजारात एखादं सापडतं, मॅडम. शंभरात चार नाही सापडत. चौघांच्या आया तुमची पूड खात होत्या. तशा इथल्या सगळ्याच खातात, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण आधी तुम्हाला विचारावंसं वाटलं."

पाकिटावरचा आकडा केतकीला पाठ होता. रोजच्या दोन ग्रॅम पुडीत एकशे वीस मायक्रोग्रॅम आयोडीन. गर्भवतीच्या गरजेच्या निम्मं. धोक्याच्या आसपासही नाही. तिने तसं सांगितलं.

"तो आकडा कोणी काढला?"

"मी," केतकी म्हणाली.

टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या ग्रंथीने गळ्यातल्या थायरॉईडला धाडलेला निरोप असतो. थायरॉईड कमी काम करू लागली की हा निरोप वाढत जातो, कामगार उठत नाही म्हणून मुकादमाने हाका वाढवाव्यात तसा. थायरॉईडला तिचं संप्रेरक बनवायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही तर ती थकते, सुजते. पण आयोडीन अचानक फार झालं तरीही ती काम बंद करते. मोठ्या माणसाची ग्रंथी आठ-दहा दिवसांत या धक्क्यातून सावरते. पोटातल्या बाळाच्या ग्रंथीला ते सावरणं अजून जमत नसतं. आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत मेंदूची बांधणी याच संप्रेरकावर चालते. दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झालं तर बाळ इतर मुलांसारखंच वाढतं. तीन महिन्यांनी सुरू झालं, तर जे राहून गेलं ते राहून जातं.

केतकीने सागरपुडीचं बंद पाकीट कपाटातून काढलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

*

पूड ज्या शेवाळाची होती त्याला खडपवाडीत वादी म्हणत. लांब, तपकिरी, चपलेच्या वादीसारखी चिवट पट्टी. ओहोटीला खडपांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कातळांवर, लोळत पडलेली. खडपवाडी हे देवगडच्या दक्षिणेचं, मासेमारी करणाऱ्या गाबितांचं गाव. केतकीचा जन्म तिथलाच. पूर्वी गलबतांवर जाणारे खलाशी वाळक्या वादीची गुंडाळी बरोबर नेत आणि भाताच्या पेजेत टाकून खात, असं तिचे वडील सांगत. तांदूळ संपला की नुसतीच खात. बाळंतिणीला चाळीस दिवस वादीचं कालवण मिळे.

यात खडपवाडीचं वेगळेपण फार नव्हतं. जपानात अशाच तपकिरी शेवाळाचे भारे हजार वर्षांपूर्वी दरबारात नजराणा म्हणून जात. चीनच्या जुन्या वैद्यांनी गलगंडावर समुद्रशेवाळ सांगून ठेवलं होतं. का गुण येतो हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळायला दीड हजार वर्षं गेली. १८११ साली फ्रान्समध्ये बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवणाऱ्या एका माणसाने शेवाळाच्या राखेवर जरा जास्त आम्ल ओतलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. पुढच्या दहा वर्षांत जिनिव्हातला एक डॉक्टर गलगंडावर ते देऊ लागला आणि लोक बरे झाले. काही जण मात्र त्याच औषधाने आजारी पडले, कारण ते वाट्टेल तेवढं घेत होते. केतकी हा इतिहास विद्यार्थ्यांना नेहमी सांगे. शेवटचं वाक्यसुद्धा सांगे.

२०३०नंतर महाराष्ट्रात मिठाविरुद्ध मोठी मोहीम झाली. रक्तदाबासाठी ती योग्यच होती. लोकांनी मीठ कमी केलं, आणि उरलेलं मीठ 'नैसर्गिक' म्हणून बिनआयोडीनचं घेऊ लागले. आठ-नऊ वर्षांत घाटाखालच्या तालुक्यांत गलगंड परत दिसू लागला. शासनाला असा पदार्थ हवा होता ज्यात आयोडीन, लोह, फोलेट आणि तंतू एकत्र मिळतील आणि जो गर्भवती बायकांना रोज चिमूटभर खाता येईल. केतकीने वादी सुचवली. तीन वर्षांच्या कामानंतर योजना मंजूर झाली आणि खडपवाडीच्या बायकांच्या संस्थेला पुरवठ्याचं काम मिळालं. केंद्र चालवायला केतकीची धाकटी बहीण शर्वरी पुढे आली. पाच महिन्यांपूर्वी तीन तालुक्यांत वाटप सुरू झालं.

गावात वादी करण्याची एक पद्धत होती. वादी मोठ्या टोपात उकळायची, पाणी लालसर झालं की ते टोपासकट किनाऱ्यावर न्यायचं आणि खडपावर ओतून यायचं. पहिलं पाणी समुद्राचं, असं म्हणत. मग उरलेली वादी वाळवायची किंवा शिजवायची. केतकीने चार वर्षांपूर्वी त्या पाण्यातलं फोलेट मोजलं होतं. वादीतलं निम्म्याहून जास्त फोलेट त्या पाण्याबरोबर जात होतं, पोटॅशियमही. म्हणून तिने निर्वात वाळवणीचं यंत्र बसवायला लावलं. ओली वादी आत घालायची, हवा काढून घ्यायची. चाळीस अंशांवर, उकळीशिवाय, सगळं पाणी वाफ होऊन जातं आणि बाकी सारं वादीतच राहतं. गावातल्या बायका त्याला पेटी म्हणत. पाकिटावर छापलेली ओळ केतकीचीच होती: काहीही न गमावता.

दुपारी तीनपर्यंत तिने पुडीचे तीन भाग वेगवेगळे विरघळवून मोजले होते. आयोडीन मोजणारं यंत्र रत्नागिरीत येऊन वर्षच झालं होतं. प्रमाणपत्राच्या वेळी नमुने पुण्याला पाठवावे लागले होते. त्यानंतर प्रत्येक खेपेला शिसं, आर्सेनिक आणि जंतूंची तपासणी होई, पण आयोडीन मूळ प्रमाणपत्रावरून धरलं जाई. तशी शिफारसही तिनेच केली होती. शेवाळाचा जातिगुण खेपेगणिक फार बदलत नाही, असं तिने लिहिलं होतं.

प्रमाणपत्रात होते एका ग्रॅमला साठ मायक्रोग्रॅम. पडद्यावर आले दोन हजार तीनशे दहा. मग दोन हजार दोनशे पंच्याहत्तर. मग दोन हजार तीनशे चाळीस.

तिने प्रमाण द्रावण परत चालवून पाहिलं. यंत्र बरोबर होतं.

प्रमाणपत्राच्या नमुन्याचा अर्धा भाग पाच वर्षं जपून ठेवायचा नियम आहे. तो तळघरातल्या कपाटात होता. पारदर्शक पिशवी, वर शर्वरीच्या गोल अक्षरात चिठ्ठी: 'वादी. कच्ची. खडपवाडी.' केतकीने पिशवी खिडकीपाशी नेली. आतली वादी हिरवट होती.

कच्ची वाळलेली वादी कधीच हिरवी नसते. तिचा तपकिरी रंग एका प्रथिनाला धरून असलेल्या रंगद्रव्याचा असतो. उष्णतेने ती पकड सुटते आणि खालचा हिरवा रंग उघडा पडतो. केतकी वर आली, चहाच्या किटलीतलं गरम पाणी चंचुपात्रात घेतलं आणि केंद्रातून आलेल्या कच्च्या वादीचा एक तुकडा त्यात टाकला. मोजून सहा सेकंदांत तो हिरवा झाला. हे तिला कामाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून अहवालाबरोबर नमुन्याचा फोटो आला होता. तो तिने पाहिला होता आणि फाईलला लावला होता.

जो नमुना कच्चा म्हणून मोजला गेला, त्याला कोणीतरी आधीच उकळून पहिलं पाणी काढून टाकलं होतं. वादीतलं आयोडीन पाण्यात विरघळणाऱ्या रूपात असतं. पंधरा मिनिटांच्या उकळीत ते जवळजवळ सगळं निघून जातं. उरतं साठाच्या आसपास. आणि तीन तालुक्यांतल्या बायका पाच महिने रोज एकशे वीस नव्हे, साडेचार हजारांहून जास्त मायक्रोग्रॅम आयोडीन खात होत्या.

*

तिने योजनेचे उपसंचालक पाटणकर यांना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासात तिन्ही तालुक्यांतलं वाटप थांबवलं, घरोघरची पाकिटं परत घ्यायचा आदेश काढला. यादीत अठराशे चाळीस बायका होत्या. पाच महिन्यांत सहाशे अकरा जणींची बाळंतपणं झाली होती. डॉ. काझींनी तपासलेली एकशे बत्तीस वगळता चारशे एकोणऐंशी बाळांच्या टाचेला कोणी सुई लावली नव्हती. त्यातली कित्येक आईबरोबर माहेरी किंवा सासरी, दुसऱ्याच कुठल्या गावात असणार. शोध घेण्याचं काम आशाताईंकडे द्यायचं ठरलं.

"कारणांचा अहवाल मला सोमवारपर्यंत लागेल," पाटणकर म्हणाले. मग आवाज उतरवून, सावकाश, "नमुना पाठवणाऱ्यांनी फेरफार केलेला दिसतोय. तुमचं मोजमाप बरोबरच होतं. तसं स्पष्ट लिहा. त्यात तुम्ही कुठे येत नाही."

ते तिच्या भल्यासाठीच बोलत होते. फोन ठेवून केतकी यादीतल्या बाळांच्या वयाचे गट पाडू लागली. दोन आठवड्यांच्या आतली, चार आठवड्यांच्या आतली, त्यापुढची. दुसऱ्या गटापाशी तिचा हात थांबला. या यादीत नसलेलं एक बाळ होतं.

शर्वरीची मुलगी एकोणीस दिवसांची होती. बारशाला केतकी गेली होती, नाव सई ठेवलं होतं. पाळण्यात घातलं तरी बाळ जागं झालं नाही. बायका म्हणाल्या, किती गुणी. केतकीनेही तेच म्हटलं होतं.

तिने बहिणीला फोन लावला आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, सई रडते का. शर्वरी हसली. रडणं नाहीच, दूध प्यायलाही उठवावं लागतं, शी दोन-दोन दिवसांनी होते, कावीळ थोडी रेंगाळली आहे पण उन्हात ठेवतात. देवगडच्या दवाखान्यात टाचेची तपासणी झाली होती का? तसलं काही तिथे नव्हतंच. आणि पेटीतली वादी?

"रोज खातंय. दुप्पट. आमचीच वादी नि आमीच खावची नाय?" शर्वरी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "कित्याक विचारतस, ताई?"

केतकीने तिला वादी आत्तापासून बंद करायला सांगितलं, सकाळी येते म्हणाली. जेवढं खात्रीचं होतं तेवढंच सांगितलं. तेही पुरेसं होतं.

*

शुक्रवारी नऊच्या सुमारास ती खडपवाडीला पोचली. बरोबर टाचेच्या तपासणीच्या पट्ट्यांचा डबा होता. रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी हातात मावणाऱ्या यंत्रात सरकवायची आणि वीस मिनिटं थांबायचं. डॉ. काझींना तिने आधीच फोनवर जोडून घेतलं होतं. औषध ठरवणं त्यांचं काम होतं.

ओटीवर वेणूआते बसली होती. ही केतकीच्या वडिलांची बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तरुणपणी नवरा बुडाला तेव्हापासून माहेरीच. आई गेल्यावर दोघी बहिणींना तिनेच वाढवलं. पेटी बसवायच्या वेळी केतकीचं आणि तिचं बिनसलं होतं. आते म्हणाली होती, पोटुशीला कच्ची वादी देऊ नये, आपली आवस, म्हणजे आई, तसं सांगायची. का, ते तिला सांगता आलं नव्हतं. केतकीने तिला कागदावर रेघा काढून समजावलं होतं की आपण अर्धी वादी समुद्रात ओततो आहोत. आते उठून आत गेली होती. त्यानंतर नमुने घ्यायची वेळ आली, तेव्हा केतकी स्वतः आली नव्हती. फोनवर सांगून मागवून घेतले होते.

सईच्या टाचेला सुई टोचली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं. आवाज जेमतेम निघाला, जाड आणि घोगरा. केतकीने पट्टी यंत्रात सरकवली. पडद्यावर आकडे उलटे धावू लागले. एकोणीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद.

शर्वरी भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, चूक नक्की कुठे झाली. केतकीने नमुन्याची पिशवी पुढे केली. हिरवट वादी, गोल अक्षरातली चिठ्ठी.

वेणूआतेने पिशवी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि लगेच ओळखली. "ही मी धाडलेली. तुज्या हाफिसातल्या माणसांक."

"माणसांक नाय गो, आते. मोजूक मागवलेली."

"मोजूक?" आतेने शर्वरीकडे पाहिलं, मग केतकीकडे. "माका वाटला, खावक मागवल्यास. परक्या माणसांक कच्ची वादी कोण दिता? माज्या आवशीन सांगलेला, पोटुशीक नि परक्याक कच्ची देव नको. मी चांगली उकळलंय, पयला पाणी खडपार ओतून इलंय, दोन दिस सुकवलंय. तुजो मान ऱ्हवात म्हणान."

यंत्रावर चौदा मिनिटं राहिली होती.

"मगे तू येवन सांगलंस," आते पुढे म्हणाली, "आते, तुजी कच्ची वादी मोजली, तिच्यात कायएक वायट नाय. शिकलेला चेडू तू. म्हटला, आवशीचाच चुकला असात. म्हणान मी गप ऱ्हवलंय."

केतकीला तो दिवस आठवला. अहवाल हातात घेऊन ती याच ओटीवर उभी होती. आपण बरोबर निघाल्याचा तिला आनंद झाला होता आणि तो तिने लपवलाही नव्हता.

"माका म्हायत होता," शर्वरी म्हणाली.

ती दोघींकडे पाहत नव्हती, सईकडे पाहत होती. आतेने टोप चुलीवर ठेवताना तिने पाहिलं होतं. वादी हिरवी झालेली पाहिली होती. केतकीने फोनवर सांगितलं होतं की चिठ्ठीवर 'कच्ची' लिही, म्हणून तिने कच्ची लिहिलं होतं. परत नवी वादी काढायची तर पुढच्या मोठ्या ओहोटीपर्यंत थांबावं लागलं असतं आणि केतकी घाई करत होती.

"माका वाटला, एका उकळीन काय होता. नि झालाच तर तुज्या यंत्राक कळात. तुज्या यंत्राक सगळा कळता मां."

यात टोमणा होता की नाही, हे केतकीला ओळखता आलं नाही. यंत्राला वादीत किती आयोडीन आहे हे कळत होतं आणि त्याने ते अचूक सांगितलं होतं. वादी टोपातून आली की खडपावरून, हे विचारणं यंत्राचं काम नव्हतं. नमुना संशोधकाने स्वतः, उगमाच्या जागी घ्यावा, असा नियम आहे. तीन तासांचा रस्ता होता. ती आली नव्हती, कारण आतेसमोर उभं राहायचं नव्हतं.

सात मिनिटं. आते उठली आणि सईच्या पायांवरून हात फिरवत बसली. पाय गार होते. तिने ते पदरात गुंडाळले. फोनच्या पलीकडून डॉ. काझींनी बाळाचं वजन विचारलं आणि शर्वरीने सांगितलं. समोरच्या घरात कोणीतरी कोयत्याने नारळ सोलत होतं. प्रत्येक घावाबरोबर शर्वरीची बोटं मिटत होती.

यंत्राने एक छोटा आवाज केला. चौऱ्याहत्तर.

केतकीने आकडा मोठ्याने वाचला. डॉ. काझींनी एका क्षणाचाही वेळ घालवला नाही. थायरॉक्सिनचे थेंब, किती, दिवसातून किती वेळा, दुधाआधी किती वेळ, हे त्यांनी शर्वरीला दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. औषध देवगडला मिळेल, आजच सुरू करा, पुढच्या आठवड्यात परत रक्त. एकविसाव्या दिवसाच्या आत सुरू होतंय, बाई, हे चांगलं आहे. उशीर झालाय का, असं शर्वरीने विचारलं. थोडा, डॉ. काझी म्हणाल्या, त्यांनी खोटं सांगितलं नाही.

शर्वरीने बाळाला उचलून घेतलं. केतकी देवगडला जायला गाडीची किल्ली शोधत होती. पण शर्वरीने नवऱ्याला आधीच फोन लावला होता; तो बाजारातून परस्पर औषध घेऊन येणार होता.

"तू जा," ती केतकीला म्हणाली. "माज्याकडे बसान काय करतलंस? त्या बाकीच्या पोरांकडे जा."

*

पुढचे पाच दिवस केतकी डॉ. काझींच्या रुग्णालयातल्या एका खोलीत यादी घेऊन बसली. तपासणीच्या पट्ट्या तीन जिल्ह्यांतून मागवल्या होत्या. आशाताई सकाळी सातला निघत आणि दुपारी आकडे कळवू लागत. काही बाळं कोल्हापूरला निघाली, एक सुरतेला, दोन ऊसतोडीच्या फडावर. लोक घाबरले होते, काही ठिकाणी आशाताईंना दारात उभं केलं गेलं नाही. एका सासऱ्याने विचारलं की काल हेच लोक खा म्हणून सांगायला आले होते, आज खाऊ नका म्हणतात, उद्या काय? त्या आशाताईने केतकीला फोन लावून दिला. केतकीने त्याला सांगितलं की चूक आमची झाली आहे आणि बाळाच्या रक्ताचा एक थेंब हवा आहे. तो बराच वेळ बोलत राहिला. ती ऐकत राहिली. शेवटी त्याने दार उघडलं.

रविवारपर्यंत तीनशे नव्वद झाले. मंगळवारी चारशे बहात्तर. बुधवारी दुपारी शेवटचं नाव खोडलं गेलं. एकूण तेवीस बाळांना औषध सुरू झालं. बावीस बाळं सहा आठवड्यांच्या आतली होती. तेविसावा मुलगा अकरा आठवड्यांचा होता.

त्याच्या घरी केतकी डॉ. काझींबरोबर स्वतः गेली. घाटाखालचं शेवटचं घर. आई एकोणीस-वीस वर्षांची होती, तिने पाहुण्यांना बसायला चटई टाकली आणि अभिमानाने सांगितलं की याचा मुळीच त्रास नाही, दिवसभर शांत असतो. डॉ. काझींनी बाळाच्या डोळ्यांसमोर बोट हलवलं. डोळे हलले, पण बोटाच्या बरेच मागून.

अहवाल सोमवारीच द्यायचा होता. तिने दोन दिवस मागून घेतले होते. बुधवारी संध्याकाळी चहा घेऊन ती लिहायला बसली, तेव्हा शर्वरीचा फोन आला. सई कालपासून दुधाला आपणहून उठते, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "कागदार माजा नाव घाल. चिठ्ठी माज्या हाताची असा. मी बघलेलंय."

तिचं म्हणणं खरं होतं. पाटणकरांना हवं होतं तेही जवळजवळ हेच. केतकीने अहवालात काय घडलं ते सगळं लिहिलं. नमुना घरच्या रीतीप्रमाणे उकळला गेला, का उकळला गेला, चिठ्ठीवर काय लिहिलं, कोणी लिहायला सांगितलं. वादीचा रंग, पुण्याचा फोटो, फाईलमधला त्याचा क्रमांक. खाली छापील चौकट होती: 'चुकीचं मूळ, एका वाक्यात.' त्यात तिने लिहिलं, 'नमुना मी स्वतः घेतला नाही आणि घेणाऱ्यांना तो कसा घेतला, हे विचारलं नाही.' मग सही केली.

पाटणकरांनी वाचून फोन केला. हे असंच पुढे पाठवलं तर प्रमाणपत्रं देण्याचा तुमचा अधिकार काढून घेतील, ते म्हणाले. केतकी म्हणाली, काढून घ्यायलाच हवा.

*

तीन महिन्यांनी खडपवाडीचं केंद्र परत सुरू झालं. नमुने घ्यायला आता पुण्याहून दुसरी संशोधक आली होती. ती स्वतः ओहोटीला खडपांवर उतरली, स्वतःच्या हाताने वादी कापली आणि टोपापासून पेटीपर्यंत प्रत्येक पायरीला एक पिशवी भरली. केतकी तिला वाट दाखवायला आली होती, तेवढंच.

पेटीच्या आधी आता सहा मोठे टोप मांडले होते. उकळी किती वेळ, हे घड्याळावर ठरलेलं होतं. तरी वेणूआते प्रत्येक टोपापाशी वाकून पाण्याचा रंग बघत होती आणि घड्याळ पुण्याच्या बाईंच्या हातात होतं. दोघींचं जमलं होतं. पहिल्या खेपेचं आयोडीन अठ्ठावन्न भरलं. फोलेट निम्मं गेलं होतं. त्याची वेगळी गोळी द्यायचं ठरलं. पाकिटावरची जुनी ओळ काढून टाकली होती आणि तिच्या जागी दुसरं काही छापलं नव्हतं.

पहिला टोप दोघींनी उचलावा लागे. आतेने एका बाजूची कडी धरली आणि दुसरी धरायला कोणाला बोलावलं नाही, नुसती थांबून राहिली. केतकीने पदर खोचला आणि कडी धरली. लालसर पाणी हिंदकळत होतं. त्या खडपांपर्यंत गेल्या.

"आवशीन कित्याक सांगल्यान नाय," आते चालता चालता म्हणाली. "तिकाय ठावक नसतला. पण कोणाचा तरी पोर असा झाला असतला, बघ. कधीतरी. त्याशिवाय कोण सांगात?"

केतकी हे आधी स्वतःशी म्हणाली होती, पण इतकं सरळ नाही. किती पोरं, किती वर्षांपूर्वी, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. उद्या सकाळी तिला घाटाखालच्या त्या शेवटच्या घरी जायचं होतं. ती दर पंधरा दिवसांनी जाई. मुलगा आता मान धरत होता, आवाजाकडे वळत होता, डॉ. काझी अजून काहीच सांगायला तयार नव्हत्या. त्याची आई आता पाहुण्यांना चटई टाकत नसे, पण आत येऊ देई.

त्यांनी टोप तिरका केला. पाणी खडपावरून पसरलं, भेगांत शिरलं आणि येणाऱ्या लाटेत मिसळून गेलं.

मागे घराच्या दिशेने एकदम मोठा आवाज उठला. सई रडत होती. भूक लागली होती किंवा झोप मोडली होती, किंवा काहीच नव्हतं. गळा ताणून, श्वास घ्यायला थांबून आणि परत पहिल्यापासून. शर्वरी तिला कडेवर घेऊन बाहेर पायरीवर आली. आतेने तिथूनच हात केला, थोपट गो तिका, गप कर.

शर्वरीने नाही म्हणून मान हलवली. ती बाळाला थोपटत नव्हती, नुसती घेऊन उभी होती, तोंड समुद्राकडे करून.

"रडांदे," ती ओरडून म्हणाली. "ताई, आयकतस मां?"

केतकीने रिकामा टोप खडपावर ठेवला. "आयकतंय," ती म्हणाली, आणि दोघी तिथेच उभ्या राहिल्या.